दुसऱ्याच्या लग्नातली माणसे

यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा-नेर पट्ट्यातल्या गावांत लग्नाची व्हिडिओ कॅसेट घरात नेमकी कुठे असते, हे आता मला न विचारता सांगता येते. ती टीव्हीखालच्या कप्प्यात नसते. ती असते लोखंडी कपाटाच्या आतल्या खणात, सातबाऱ्याच्या उताऱ्यांना आणि सोसायटीच्या कर्जाच्या पावत्यांना लागून, कापड दुकानाच्या एखाद्या जुन्या पिशवीत घट्ट गुंडाळलेली. आणि तिच्या पाठीवर चिकटवलेल्या कागदावरची बॉलपेनची शाई इतकी फिकट झालेली असते की 'चि. सौ. कां.' एवढेच वाचता येते. ज्या घरात ती इतकी जपून ठेवली आहे, त्या घरात ती लावून पाहण्याचे यंत्र मात्र नसते, आणि बहुतेक घरांत ते कधी नव्हतेच. लग्न आटोपल्यावर तालुक्याहून व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीपुरते भाड्याने आणायचे, अंगणात मांडायचे, आधी लग्न आणि मग दोन सिनेमे पाहायचे आणि सकाळी सामान परत करायचे, अशी रीत होती. पोरीला पहिल्या दिवाळीला माहेरी आणले की फार तर आणखी एकदा. त्यानंतर कॅसेट कपाटात गेली ती गेलीच.

व्हीएचएस, म्हणजे या कॅसेटची पद्धत, जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली बाजारात आणली. आपल्याकडे १९८२ मध्ये दिल्लीच्या आशियाई खेळांच्या वर्षी दूरदर्शनचे रंगीत प्रक्षेपण सुरू झाले आणि पाठोपाठ शहरांत व्हीसीआर दिसू लागले. आमच्या भागात लग्नाचे शूटिंग रुळले ते त्यानंतर काही वर्षांनी, आणि तेही ज्यांच्या घरी कापसाच्या गाड्या भरून निघत अशा घरांत आधी. खांद्यावर कॅमेरा घेतलेला माणूस, त्याच्या शेजारी हॅलोजनचा दिवा उंच धरून चालणारा पोरगा आणि मागे वायर सावरत येणारा तिसरा, असे तिघे वरातीच्या पुढे उलट्या पावलांनी चालत. दिव्याचा झोत अंगावर आला की बाया पदर ओढून घेत आणि पुरुष फोटो काढून घ्यायचा आहे असे समजून हात जोडून ताठ उभे राहत. हा कॅमेरा हालचाल टिपतो, हे ठाऊक असूनही कोणी हलत नसे.

घरच्या एका कॅसेटपासून मी हे काम सुरू केले. कॅसेट संगणकात उतरवून घ्यायची आणि तिच्या डीव्हीडी करायच्या, एवढाच हेतू होता. नंतर गावातल्या इतरांच्या कॅसेट येत गेल्या, आणि त्या पाहता पाहता एक गोष्ट मनात पक्की झाली की लग्नाची कॅसेट ज्या घरची म्हणून ओळखली जाते, त्या घरापुरती ती नसते. गावात स्वतःचा कॅमेरा कोणाकडेच नव्हता, आणि ज्यांच्या घरी शूटिंग झाले त्यांच्यापेक्षा न झालेली घरे कितीतरी जास्त होती. त्या घरांतली माणसे चालताना, हसताना, बोलताना आज कुठे पाहायला मिळत असतील तर ती दुसऱ्याच्या लग्नात. त्यामुळे कॅसेट उतरवताना काय ठेवावे आणि काय गाळावे, हा प्रश्न त्या घराच्या आवडीनिवडीवर सोपवता येत नाही, असे माझे मत झाले आहे.

पहिली अडचण यंत्राची होती. व्हीसीआर बनवत राहिलेली शेवटची कंपनी, जपानची फुनाई, हिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन बंद केले. तेव्हा आज जो मिळेल तो जुनाच मिळणार. मला तो यवतमाळला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करणाऱ्या एका वयस्कर काकांच्या दुकानात, पंख्यांच्या मोटारींच्या ढिगाखाली मिळाला. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, आणि टिनाच्या छताखाली इतके उन्हाळे काढलेल्या यंत्रातले रबर शाबूत राहण्याची अपेक्षाच करायला नको. काकांनी आतले पट्टे बदलले, टेप पुढे ओढणारा रबरी रोलर साफ केला आणि ड्रमवर बसवलेल्या, टेप वाचणाऱ्या हेडवर बोट न लावता मला बजावले, "कापड वरखाली घासाचं नाही भाऊ. कापड हातात धरून ठेवाचं आन् ड्रम फिरवाचा. वरखाली घासलं का हेड गेलंच समजा."

त्या ड्रमची करामत समजून घेतल्याशिवाय कॅसेटची दुखणी कळत नाहीत. टेप अर्धा इंच रुंद असते आणि तीन तासांच्या कॅसेटमध्ये ती सुमारे अडीचशे मीटर भरते, म्हणजे एका सेकंदाला ती जेमतेम अडीच सेंटिमीटरही पुढे सरकत नाही. एवढ्या संथ टेपवर चित्र मावावे म्हणून ती ६२ मिलिमीटर व्यासाच्या तिरप्या ड्रमला अर्धा वेढा घालून जाते, आणि तो ड्रम मिनिटाला १,५०० फेरे घेतो. आपल्याकडच्या टीव्हीच्या पाल पद्धतीत सेकंदाला २५ चित्रे असतात. ड्रमच्या एका फेऱ्यात एक चित्र पुरे होते. चित्राच्या रेघा अशा तिरप्या आखल्या जातात, परंतु साध्या कॅमेऱ्यावर घेतलेला आवाज तिथे नसतो. तो टेपच्या वरच्या कडेला, एका अरुंद पट्टीत, सरळ रेषेत लिहिलेला असतो. टेपची कड चुरगळली, कडेला ओल धरली, की चित्र बरे दिसते आणि आवाज जातो. पुढे जे सांगायचे आहे त्याच्याशी या कडेचा संबंध आहे.

आमच्या घरी एकाच लग्नाच्या दोन प्रकारच्या कॅसेट होत्या. मोठ्या बाबांच्या मुलीचे, म्हणजे आमच्या ताईचे लग्न १९९१ च्या उन्हाळ्यात झाले. त्याची 'मिक्सिंग' केलेली कॅसेट अमरावतीहून तयार होऊन आली होती. मिक्सिंग हा त्या काळातला मोठा प्रतिष्ठेचा प्रकार होता. कमळ उमलायचे आणि त्यातून नवरीचा चेहरा वर यायचा, बदामात नवरदेव दिसायचा, पाहुण्यांच्या नावांची रंगीत अक्षरे पडद्यावर गिरक्या घेत यायची. या सगळ्यासाठी मूळ टेपवरून दुसऱ्या टेपवर नक्कल होत असे आणि प्रत्येक नकलेत चित्राची धार उतरत असे, पण ते नुकसान सोसता येते. खरे नुकसान आवाजाचे झाले. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सिनेमाची गाणी भरण्यासाठी मांडवातले सगळे बोलणे पुसून टाकले गेले. मंगलाष्टके वगळता त्या तीन तासांत कोणाही माणसाचा शब्द ऐकू येत नाही. शूटिंगवाले मूळ कॅसेट परत नेत आणि दुसऱ्या लग्नाला वापरत. मोठ्या बाबांनी मात्र कॅसेटचे पैसे आपण भरले आहेत असा मुद्दा धरून मूळ कॅसेटही ठेवून घेतली होती. ती पुढे धान्याच्या कोठीवर पडून होती.

मिक्सिंगची कॅसेट सहज उतरली. मूळ कॅसेट उघडली तेव्हा खिडकीतून टेपच्या गुंडाळीची कड दिसत होती आणि भाकरीवर कोरडे पीठ भुरभुरावे तशी तिच्यावर पांढरी बुरशी होती. अशी कॅसेट थेट यंत्रात घालायची नसते. बुरशीचा भुगा ड्रमवर बसतो आणि नंतर घातलेल्या प्रत्येक कॅसेटला लागतो. पावसाळा सुरू होता, हवेत ओल होती, म्हणून मी ती कॅसेट सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवली आणि दिवाळीनंतरची कोरडी हवा सुटेपर्यंत तिला हात लावला नाही. मग मागचे पाच स्क्रू काढले, दोन्ही चकत्या बाहेर घेतल्या, नाकातोंडाला रुमाल बांधून कडेवरची बुरशी मऊ ब्रशने ओसरीबाहेर झटकली, आणि टेप धागे न सुटणाऱ्या कापडातून हळूहळू एका चकतीवरून दुसरीवर फिरवली. सुरुवातीच्या भागात कापडावर तपकिरी डाग उमटले, म्हणजे चुंबकीय भुकटी सुटत होती. पुढे डाग थांबले. त्याच चकत्या मी एका चांगल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीत बसवल्या आणि यंत्रात घालण्याआधी टेप एकदा शेवटपर्यंत पुढे आणि एकदा मागे गुंडाळून घेतली, म्हणजे वर्षानुवर्षे एका जागी बसलेले वेढे मोकळे होतात.

संगणकाला व्हीसीआर जोडणे हा या कामातला सर्वांत सोपा भाग आहे. चित्राची पिवळी पिन, आवाजाच्या पांढऱ्या आणि लाल पिना, आणि यूएसबीला लागणारे कॅप्चरचे, म्हणजे चित्र संगणकात उतरवून घेणारे, छोटे उपकरण. चुकते ते निराळ्याच ठिकाणी. जुन्या टेपवरून येणारा इशारा (सिग्नल) डळमळीत असतो. काचेचा जुना टीव्ही तो चालवून घेई, पण संगणक तेवढ्याने बिचकतो, मधली चित्रे गाळतो, आणि तासाभराने माणसांच्या ओठांचा आणि आवाजाचा मेळ सुटतो. यावर टाइम बेस करेक्टर नावाचे उपकरण असते. ते महाग आणि दुर्मीळ आहे. एका नातेवाइकाकडे पडून असलेला जुना डीव्हीडी रेकॉर्डर व्हीसीआर आणि संगणक यांच्या मध्ये जोडून मी काम भागवले, कारण काही रेकॉर्डर इशारा पुढे पाठवताना तो सावरून पाठवतात. संगणकात उतरवताना मी चित्र दाबून लहान करीत नाही. काहीही न गाळता ठेवलेली फाइल ताशी तीस-पस्तीस जीबी होते. त्यासाठी वेगळी हार्ड डिस्क घेतली आणि ती एनटीएफएस पद्धतीने तयार केली, कारण जुन्या फॅट ३२ पद्धतीत ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही. डीव्हीडीसाठी एमपेग-२ या दाबलेल्या स्वरूपातली वेगळी प्रत नंतर काढतो. एका डीव्हीडीत ४.७ जीबी मावतात आणि साधारण दोन तासांचे चित्र नीट बसते. तीन तासांचे लग्न एकाच डिस्कमध्ये कोंबण्यापेक्षा दोन डिस्क कराव्यात. वरात एकीत आणि पंगत दुसरीत गेल्याने कोणाचे काही बिघडत नाही.

आणि वीज. आमच्या फीडरवर ती कधी जाईल ते महावितरणच्या वेळापत्रकावरूनही कळत नाही. कॅप्चर चालू असताना संगणक बंद पडला तर फाइल अर्धवट राहून बहुधा उघडतच नाही, आणि व्हीसीआर मध्येच बंद पडला तर टेप ड्रमभोवती गुंडाळलेल्या अवस्थेत अडकून राहते. म्हणून दोन्ही यंत्रे इन्व्हर्टरवर चालवायची आणि रात्री शेतातले पंप सुरू होऊन व्होल्टेज खाली येण्याच्या आत काम उरकायचे, असा नेम ठेवला.

तीन तासांची कॅसेट उतरायला तीन तासच लागतात. इथे घाई चालत नाही, आणि यंत्र जुने असल्यामुळे त्याला एकटे सोडताही येत नाही. टेप कुरकुरू लागली तर लगेच थांबवावे लागते. त्यामुळे जे भाग त्या भाड्याच्या रात्री सर्वांनी पुढे पळवले होते, ते मला बसून पाहावे लागले. संगणकावर पाहताना आणखी एक गोष्ट कळली. काचेचे जुने टीव्ही चित्राच्या चारही कडा थोड्या झाकत असत. पडद्याच्या चौकटीमागे गेलेला तो भाग कोणी कधी पाहिलाच नव्हता. संगणक तो कापत नाही. चित्राच्या तळाशी व्हीएचएसची वेडीवाकडी रेघांची पट्टी दिसते, ती डोळ्यांना खुपते, आणि बहुतेक लोक ती झाकण्यासाठी कडा छाटून टाकतात. मी मूळ प्रतीत छाटल्या नाहीत. कारण त्याच कडांमध्ये अनेक ठिकाणी कोणीतरी उभे आहे. मांडवाच्या खांबाला टेकलेली बाई, अर्धा चेहरा दिसणारा पोरगा, दिव्याची वायर ओढून धरलेला हात. शूटिंगवाल्याच्या डोळ्याला छोट्या काचेतून ते दिसले असेल की नाही, कोण जाणे.

वरातीआधीचा एक लांबलचक तुकडा आहे. नवरदेवाकडची मंडळी मूर्तिजापूरकडची, ती शकुंतलेने दारव्ह्याला उतरली आणि शूटिंगवाला त्यांना घ्यायला स्टेशनवर गेला. शकुंतला म्हणजे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अडीच फुटी रुळांची गाडी, जिचा मार्ग स्वातंत्र्यानंतरही खासगी कंपनीच्या मालकीचा राहिला. तिला १९९४ पर्यंत वाफेचे इंजिन होते, आणि आज ती गाडी धावत नाही. मिक्सिंगमध्ये या तुकड्यातले नवरदेवाचे उतरणे तेवढे राहिले आहे. मूळ कॅसेटमध्ये मात्र पाहुणे बैलगाड्यांकडे निघून गेल्यावरही शूटिंगवाला तिथेच थांबला आहे आणि इंजिनात पाणी भरताना, वाफ सोडताना, पुन्हा हलताना तो बराच वेळ टिपत राहिला आहे; त्याला बिचाऱ्याला त्यासाठी कोणी पैसे दिले नव्हते. शिट्टी ऐकू येते. शिट्टीनंतर फलाटावरचा कोणीतरी गडी हसत म्हणतो, "चाला, आता पैदल गेलो तरी हिच्याआंधी पोचतो."

आहेराचा भाग कंटाळवाणा असतो, हे मान्य. एकामागून एक माणसे येतात, नारळ आणि टोपी-दुपट्टा घेतात, पाकीट देतात, कॅमेऱ्याकडे पाहतात आणि जातात. माइकवरचा माणूस गाव, नाव आणि रक्कम पुकारत राहतो. पण त्या पुकारण्यात आमच्या घरच्या सोयरिकीची सगळी गावे एकापाठोपाठ येऊन जातात, आणि कोणत्या गावाने किती दिले यापेक्षा कोणते गाव अजून आपल्याशी बोलत होते ते त्यावरून कळते. गाण्यांखाली हा आवाज गेल्यावर उरले होते ते केवळ पाकीट देणारे हात.

पंगतीचे मात्र मला मुद्दाम सांगायचे आहे. अंगणात सतरंज्यांच्या पट्ट्या, पळसाच्या पानांच्या पत्रावळी आणि द्रोण, वांग्याची भाजी, वरण-भात, पोळ्या, बुंदी. कॅमेरा पाहुण्यांच्या तोंडांवरून सरकत जातो, आणि त्याच्यासमोरून बादल्या घेतलेली माणसे आडवी जातात. ही वाढणारी माणसे गावातली. आमच्याकडे तेव्हा सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारे गडी, असलेले काका त्यांत आहेत. हातात पाण्याची बादली, खांद्यावर पंचा, पाठ थोडी वाकलेली. ते नंतर काही वर्षांनी वारले. गावातल्या इतर घरांच्या कॅसेट पाहिल्या, तेव्हा त्यांतही ते दिसले, कारण कुठेही लग्न असले की पाणी वाढायला त्यांनाच बोलावत. प्रत्येक कॅसेटमध्ये ते वाढताना आहेत. जेवताना ते कुठेच नाहीत. वाढपी, स्वयंपाकी, गडीमाणसे, डफडेवाले आणि बँडवाले शेवटच्या पंगतीला बसत, आणि तोवर शूटिंगवाला पहिल्या पंगतीत जेवून आणि दिवा गुंडाळून निघालेला असे. मी पाहिलेल्या एकाही कॅसेटमध्ये शेवटची पंगत नाही.

पाणी वाढणाऱ्या त्या काकांच्या पत्नीला मी मावशी म्हणतो. त्यांच्याकडे काकांचा एकच फोटो आहे, तोही रेशनकार्डाच्या कामासाठी काढलेला. मी बोलावले तेव्हा त्या कामावरून परस्पर आल्या आणि खुर्चीवर न बसता दाराशी खाली बसल्या. मिक्सिंगची कॅसेट लावली. काका डावीकडून येतात, वाकतात, तीन जणांना पाणी घालतात आणि उजवीकडे निघून जातात, आणि वर कुठल्याशा सिनेमाचे गाणे चालू असते. मावशी म्हणाल्या, "अजून एक डाव लाव ना बाप्पा." मी लावले. मग म्हणाल्या, "आवाज नाई येत काय त्याईचा?" त्या प्रश्नामुळे मी बुरशी लागलेल्या मूळ कॅसेटच्या मागे लागलो, एरवी ती कोठीवरच राहिली असती, कारण चित्र तर दुसऱ्या कॅसेटमध्ये होतेच.

मूळ कॅसेटमध्ये कडेला बुरशी लागल्याने आवाज जागोजागी दबलेला आहे. पंगतीच्या सुरुवातीला तो नुसता घरघरतो. पण काका चौकटीत येतात त्याच्या थोडे आधी तो मोकळा होतो, आणि भांड्यांच्या आवाजातून "पाणी, पाणी घ्या पाणी" असे खणखणीत ऐकू येते. कोणीतरी पाहुणा त्यांना काही विचारतो आणि ते थांबून म्हणतात, "भाजी येऊन रायली जी, बसा." एवढेच आहे. मावशींनी ते ऐकले तेव्हा त्यांच्या धाकट्या मुलाला त्या म्हणाल्या, "तुया बाप असाच बोले, पाह्यलं?" आणि तो मुलगा, ज्याला वडील आठवतही नाहीत, माझ्याकडे पाहून विचारत होता की हे मोबाइलमध्ये देता येईल का.

देता येते आणि मी दिले. पण यावरूनच पुढचा वाद उभा राहिला. त्याच मूळ कॅसेटमध्ये जानोशात, म्हणजे नवरदेवाकडच्यांच्या उतरण्याच्या जागी, पाणी वेळेवर पोचले नाही म्हणून नवरदेवाच्या काकांनी घातलेला तमाशा आहे, आणि मोठे बाबा डोक्यावरची टोपी काढून हात जोडत आहेत. ताईने डिस्क पाहून फोन केला. "ते काढून टाक बरं. माझ्या नातवांनी आपल्या पणजोबाला असं पाहायचं का?" तिचे म्हणणे मला पटले, आणि तिच्या घरच्या डीव्हीडीतून तो भाग मी काढला, मूळ फाइलमधून काढला नाही. कारण त्या तमाशाच्या मागे, विहिरीवरून घागरी आणणाऱ्या बाया एकामागून एक येत आहेत, आणि त्यांतल्या तिघींच्या घरांकडे त्यांचे दुसरे कोणतेही चित्र नाही. त्या तिघींच्या घरी मी तेवढाच तुकडा आवाज बंद करून दिला आहे.

दुसरा वाद इंटरनेटचा. भाच्याचे म्हणणे की सगळे यूट्यूबवर टाकून द्यावे, म्हणजे डिस्कची कटकटच नको. मला ते मान्य नाही. ज्यांनी कॅमेऱ्यासमोर पदर ओढला, त्यांनी तो गावासमोर ओढला होता. सगळ्या जगाला दाखवायला त्यांनी होकार दिलेला नाही, आणि आता विचारायला त्यांतल्या पुष्कळ जणी उरलेल्या नाहीत. डिस्क हातातून हातात जाते, ती कोणाकडे आहे ते ठाऊक असते, आणि परत मागता येते. नव्या लॅपटॉपला डिस्क घालायला जागाच नसते हे खरे, पण गावात डीव्हीडी प्लेअर अजून आहेत आणि पेन ड्राइव्ह देताना हे इंटरनेटवर टाकू नये, अशी ताकीद मी देतो.

डिस्क चिरकाल टिकते या भ्रमात मात्र राहू नये. मोठ्या बाबांनी काही वर्षांपूर्वी जिल्ह्याच्या ठिकाणी एका दुकानातून याच लग्नाची व्हीसीडी करून आणली होती. व्हीसीडीत चित्र ३५२ गुणिले २८८ ठिपक्यांचे असते, डीव्हीडीतल्या ७२० गुणिले ५७६ च्या पाव हिश्श्याहूनही कमी. शिवाय दुकानदाराने 'बोअर भाग' म्हणून पंगत आणि आहेर स्वतःच कापले होते. त्या सीडीवर बॉलपेनने नाव लिहिले होते. सीडीचा चमकता थर वरच्या बाजूला लाखेच्या पातळ थराखाली असतो, त्यामुळे पेनाचा दाब थेट त्यालाच लागतो. आज ती सीडी कोणत्याच यंत्रात चालत नाही. डीव्हीडीत हा थर ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्यांच्या मधोमध असल्याने तो थोडा सुरक्षित असतो, पण घरी लिहिलेल्या डिस्कमधला रंगाचा थर ऊन आणि उष्णता यांनी उतरतोच. म्हणून नाव मार्करने आणि तेही मधल्या गोल कड्यावर लिहावे, डिस्कवर कागद चिकटवू नये, लिहून झाल्यावर ती पूर्ण वाचली जाते का ते तपासावे, आणि मूळ फाइल दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर दोन वेगळ्या घरांत ठेवावी. माझी दुसरी प्रत यवतमाळला बहिणीकडे असते. आणखी एक सूचना: डीव्हीडी बनवताना चौकट ४:३ ठेवावी. नव्या टीव्हीवर ती ताणून पडदाभर केली की आमच्या आत्या, ज्या आयुष्यभर काडीसारख्या होत्या, त्या अचानक रुंद होतात, आणि त्यांच्या सुना ते पाहून हसतात.

मूळ कॅसेट संपते तिथे एक गोष्ट अजून सुटायची आहे. ताईला वाटे लावताना बैलगाडी वळणावर जाते, चित्र थांबते, काही क्षण नुसत्या काळ्यापांढऱ्या मुंग्या येतात, आणि मग एकदम कुठल्यातरी दुसऱ्याच गावातली हळद सुरू होते. शूटिंगवाल्याने ही कॅसेट आधी दुसऱ्या लग्नाला वापरली होती आणि आमचे लग्न त्यावर चढवले. टेपच्या शेवटी जेवढे उरले तेवढे त्या लग्नाचे शिल्लक आहे. नवरी पाटावर बसली आहे, लुगडी नेसलेल्या म्हाताऱ्या बाया हळद लावत आहेत आणि गात आहेत, गाणे पूर्ण ऐकू येते, आणि मागे जिल्हा परिषद शाळेच्या भिंतीवर गावाच्या नावाची शेवटची अक्षरे '...ळगाव' आणि खाली 'ता. दिग्रस' असे दिसते. नावाचा पुढचा भाग मांडवाच्या डहाळ्यांनी झाकला आहे. त्या घराकडे या लग्नाची मिक्सिंगची कॅसेट असलीच तर तिच्यात हे गाणे नसणार. शाळेची भिंत, तिच्या शेजारचा पार आणि त्यावरचे शेंदरी मारुतीचे देऊळ, एवढ्याच भागाचे चित्र मी छापून घेतले आहे, चेहऱ्यांचे नाही. दिग्रसच्या बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या बायांना ते दाखवायचे ठरवले आहे, आणि पार ओळखणारी एखादी भेटली की त्या गावी डिस्क घेऊन जायचे.